यमुना नाव ठेवायचं म्हणता?

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या आजीचं माहेरचं नाव काय होतं? आडनाव नव्हे हं, नाव. आडनाव बहुतेकींना ठाऊक असतं. नाव मात्र चटकन सांगता येईलच असं नाही. आणि सांगता आलंच, तर बघा, ते एखाद्या नदीचं निघेल. गोदावरी, कृष्णा, नर्मदा, भागीरथी, नाही तर यमुना.

आज या यमुनेबद्दलच चार गोष्टी बोलायच्या आहेत. निमित्त घरचंच आहे. आमच्याकडे नात आली. सुनेनं दवाखान्यातून आल्या आल्याच सांगून टाकलं, "आई, हिचं नाव यमुना ठेवायचं माझ्या मनात आहे." झालं! घरात लगेच दोन तट पडले. वन्सं म्हणाल्या, "अगं, त्यात यम आहे. लहान लेकराच्या नावात यम कशाला?" हे म्हणाले, "फार जुनं वाटतं. वर्गात बाकीच्या मायरा आणि कियारा, त्यांत आपली यमुना!" शेजारच्या काकूंनी तर त्याच्याही पुढची शंका काढली. "शाळेत पोरं यमी यमी म्हणून चिडवतील हो." आमच्या भाषेत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत फरक एका टिंबाचाच. बारशाआधीच नावाला नावं ठेवून झाली!

मी दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं. मग वाटलं, या नावात आहे तरी काय ते नीट बघावं. जे सापडलं ते तुम्हांलाही सांगते. घरात पाळणा हलायचा असेल तर उपयोगी पडेल.

आधी वन्संची शंका. यमुनेत यम आहे हे खरंच आहे. पण तो कोण म्हणून आहे? तिचा भाऊ म्हणून! यम या संस्कृत शब्दाचा एक अर्थ जुळं असा आहे. सूर्य आणि संज्ञा यांची ही जुळी मुलं, मुलगा यम आणि मुलगी यमी. ही यमी म्हणजेच यमुना. भाऊ मृत्यूचा देव झाला आणि बहीण नदी होऊन वाहू लागली. तो सगळ्यांना घेऊन जाणारा, ती सगळ्यांना पाणी पाजणारी. कामाच्या रगाड्यात यमाला बहिणीकडं जायला फुरसत मिळेना. शेवटी कार्तिक शुद्ध द्वितीयेला तो तिच्या घरी गेला. तिनं त्याला न्हाऊ घातलं, ओवाळलं, जेवायला वाढलं. तीच आपली भाऊबीज. पंचांगात आजही त्या दिवसाला यमद्वितीया असंच म्हटलेलं असतं. मथुरेच्या विश्रामघाटावर त्या दिवशी भाऊबहिणी यमुनेत बरोबरीनं स्नान करतात.

म्हणजे पाहा, सगळं जग ज्याला भितं, त्याला पाटावर बसवून "आधी जेव" म्हणणारी ही एकटी. असं नाव अशुभ कसं असेल? उलट मला तर ते धीराचं वाटलं.

आणखी एक गंमत. यमुनेचं उगमाजवळचं देऊळ उत्तराखंडात यमुनोत्रीला आहे. अक्षय्य तृतीयेला ते उघडतं आणि भाऊबीजेला बंद होतं. मग थंडीचे महिने यमुनेची मूर्ती खाली खरसाली गावात नेऊन ठेवतात. ते तिचं माहेर. तिला न्यायला भाऊ शनिदेव पालखीतून येतो. शनीसुद्धा सूर्याचाच मुलगा, सावत्र भाऊ. शनी म्हटलं की आपण तेल वाहून लांबूनच नमस्कार करतो. तोही बहिणीसाठी मात्र मुऱ्हाळी होऊन डोंगर चढून येतो! आणि यमुनेची एक बहीण तर आपल्या खानदेशातच आहे. तापी. तीही सूर्याचीच लेक, छायेच्या पोटची. भुसावळच्या पुलावरून गाडी धडधडत जाते तेव्हा खाली वाहते ती यमुनेची धाकटी बहीण, हे लक्षात ठेवा.

आता नाव जुनं आहे, ही यांची तक्रार. जुनं आहे खरं. पण आपल्या आज्यापणज्यांनी नद्यांची नावं उगीच नाही ठेवली. आंघोळीच्या वेळी म्हणायच्या श्लोकात सात नद्या येतात. गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी. एकेका वाड्यात हाक मारली तर या सातांतल्या चारपाच तरी ओ देत. मुलीला हाक मारावी आणि आयतं तीर्थाचं नाव तोंडी यावं, हा त्यामागचा हिशेब. अजामिळानं मरताना मुलाला 'नारायण' म्हणून हाक मारली आणि तो तरून गेला, ही गोष्ट आपण कीर्तनात ऐकलेली असते. मुलाला नारायण म्हणावं तसं मुलीला गंगा, यमुना म्हणावं. काशीला जाणं ज्यांना जन्मात जमणार नव्हतं, त्यांनी यात्रा अशी घरात आणून पाळण्यात निजवली.

शिवाय हे नाव आपल्या बोलण्यात किती मुरलं आहे! रडू कोसळलं की डोळ्यांतून गंगायमुना वाहतात. साडीचे दोन काठ दोन रंगांचे असले की ती गंगाजमनी. सोन्याचांदीचं मिळून काम असेल तर तेही गंगाजमनी. १९६१ साली 'गंगा जमना' नावाचा दिलीपकुमारचा गाजलेला सिनेमा आला, त्यात तर ही दोन भावांची नावं होती! वेरूळला कैलास लेणं बघायला गेलात तर अंगणाच्या कडेला नद्यांचं छोटं देऊळ आहे, तिथं थोडं थांबा. गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तिघी शेजारी शेजारी उभ्या आहेत. गंगा मगरीवर, यमुना कासवावर. कासव काही मगरीसारखं रुबाबदार नाही. पण चिकाटीचं आणि आपलं घर पाठीवर वागवणारं. आपण बायका ते बघून मनात हसतो, कारण ओळख पटते.

रंगानं यमुना सावळी. कलिंद पर्वतावरून येते म्हणून तिला कालिंदीही म्हणतात. प्रयागला संगमावर होडीत बसलं की दोन पाण्यांतला फरक दिसतो, गंगेचं पाणी पांढुरकं आणि यमुनेचं हिरवट काळपट. आमची नात सावळी आहे. पाहायला येणाऱ्या बायका आधी तेच बघतात आणि मग "नाकीडोळी छान आहे हो" म्हणून सावरून घेतात. कृष्णाला जिच्या काठाशिवाय करमत नव्हतं तिचं नाव सावळ्या मुलीला ठेवलं, तर त्यात काही कमीपणा आहे का? मला नाही वाटत.

पण नदी आता घाण झाली आहे, असं कुणी म्हणेल. तेही खोटं नाही. यमुनोत्रीपासून प्रयागपर्यंत ही नदी सुमारे १३७६ किलोमीटर वाहते. त्यांतले दिल्लीतले वजीराबाद ते ओखला हे बावीसेक किलोमीटर तेवढे, पण त्यांनी तिची दशा केली. छटपूजेला बायका फेसात उभ्या राहून सूर्याला अर्घ्य देतात, ते फोटो आपण वर्तमानपत्रात पाहतो. मात्र वरच्या डोंगरातली यमुना अजूनही स्वच्छ आहे. खाली तिची घाण झाली ती तिच्यामुळं नव्हे, तिच्यात टाकणाऱ्यांमुळं. दोष टाकणाऱ्याचा असताना नाव नदीचं का टाकायचं?

इथवर सगळं ठीक होतं. पण नावाचा शोध घेता घेता माझ्यापुढं एक वेगळीच गोष्ट आली, आणि मला वाटतं तीच या लेखाचं खरं कारण आहे.

आनंदीबाई जोशी आपल्याला माहीत आहेत. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या. १८६५ साली जन्मल्या तेव्हा त्यांचं नाव काय होतं? यमुना. नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न झालं आणि यमुनेची आनंदी झाली. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. वैद्यकीय उपचार मिळते तर ते वाचलं असतं, ही बोच घेऊन ती मुलगी १८८३ साली समुद्र ओलांडून गेली. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाली, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, क्षयानं गेली.

आता रमाबाई रानडे घ्या. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी, पुण्याच्या सेवासदनाच्या आधारस्तंभ, 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिणाऱ्या. त्यांचा जन्म आमच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा, माहेरचं आडनाव कुर्लेकर. आणि नाव? यमुनाच! १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न झालं आणि रमा झाल्या. २०१२ साली त्यांच्यावरची 'उंच माझा झोका' ही मालिका लागायची, तेव्हा छोट्या यमूला आपण सगळ्यांनी रोज बघितलं आहे.

आणि तिसरी. १८५७ साली बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून पुष्कळ जण तिचंच नाव घेतात. विधवांची दुःखं मांडणारं ते पुस्तक. त्यातली नायिका नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते आणि घराघरांतल्या विधवांचे हाल पाहते. तिचं नाव पुस्तकाच्या नावातच आहे.

तिघींत फक्त पुस्तकातल्या यमुनेला आपलं नाव राखता आलं. खऱ्या दोघींना नाही.

या दोघीच होत्या असंही नाही. झाशीची राणी लक्ष्मीबाई माहेरी मणिकर्णिका होती. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका, मनू. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली ज्या विधवेशी पुनर्विवाह केला, त्या आनंदीबाई कर्वे पूर्वाश्रमीच्या गोदूबाई. काशीचा घाट, गोदावरी, यमुना, सगळी तीर्थं उंबऱ्याबाहेर राहिली, आणि आत आल्या त्या लक्ष्म्या, रमा आणि आनंदी. सासरच्यांना घरात लक्ष्मी आणि आनंद हवा असतो, तो दोष नाही. पण पाहुणीला आत घेताना तिचं नाव दाराबाहेर का काढून ठेवायचं?

हा विधी कसा होतो ते आपल्याला ठाऊकच आहे. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यावर नाव लिहितो, मग सगळ्यांना पेढे वाटून ते सांगतात. सगळे टाळ्या वाजवतात. मुलगी मान खाली घालून हसते. आपल्यापैकी किती जणी तशाच हसल्या आहेत!

आता घरचं सांगते. आमच्या सासूबाईंचं माहेरचं नाव यमुना.

त्यांचं सासरचं नाव मी इथं लिहीत नाही. सुनेनं सासूचं नाव घेऊ नये अशा वळणात मी वाढले. माहेरचं नाव घ्यायला मात्र कुणी बंदी केली नव्हती. करणार कशी? ते कुणाच्या लक्षातच नव्हतं. लग्न झालं तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. सासरी एक यमुना आधीच होती, त्यांची मोठी नणंद. एका घरात दोन यमुना कशा चालायच्या? म्हणून नवीन आलेलीचं नाव बदललं. एकदा त्यांनीच मला सांगितलं, "ताटात हे काय लिहितायत ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. चौथी शिकले होते म्हणून वाचता आलं. वाचलं, तेव्हा कळलं माझं नाव काय ते."

पुढं मामंजी गेले आणि पेन्शनसाठी कागद जमवायची वेळ आली. शाळेच्या दाखल्यावर यमुना, रेशनकार्डावर वेगळं नाव, बँकेच्या पुस्तकात तिसरीच अक्षरं. दाखल्यावरची मुलगी आणि रेशनकार्डावरची बाई एकच आहे, असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. सासूबाईंनी अंगठा नाही, सही केली. सही करताना थबकल्या आणि मला विचारलं, "कोणतं लिहू ग?" त्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नव्हतं.

त्यांना यमू म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, त्यांचे भाऊ. दरवर्षी भाऊबीजेला एस.टी.नं यायचे. दारातूनच हाक, "यमू, आलो ग!" आमच्या सासूबाई एरवी घरात सगळ्यांवर धाक ठेवून असत. पण त्या हाकेसरशी धावतच बाहेर यायच्या, आणि तेवढा दिवस त्यांची चालसुद्धा बदलायची. मामा गेले आणि ती हाक बंद झाली. यमाची आणि यमुनेची गोष्ट मी मघाशी सांगितली ना, ती लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं हेच दोघं बहीणभाऊ होते. भाऊबीजेला भाऊ ओवाळणी घालतो हे आपण धरून चालतो. पुष्कळ जणींना खरी ओवाळणी मिळत होती ती त्या हाकेची.

म्हणून सुनेनं यमुना म्हटलं तेव्हा मी आधी सासूबाईंना विचारायचं ठरवलं. त्या आता नव्वदीला टेकल्या आहेत. हयात माणसाचं नाव मुलाला ठेवू नये असं आपल्याकडं पुष्कळजण मानतात. त्यामागं शहाणपणही आहे. मूल हट्ट करतं, आपण रागावतो, "यमे, गप बस!" म्हणतो, आणि आतल्या खोलीतून सासूबाई ओ देतात!

मी विचारलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "नको. ते नाव मला लाभलं नाही."

"लाभलं नाही म्हणजे काय, आई?"

"लाभायला जवळ राहायला तर हवं! सोळा वर्षं वापरलं. पुढची सत्तर कुणाच्या तरी कपाटात पडून होतं." आणि जरा वेळानं, "पोरीला द्यायचं तर द्या. पण एक कबूल करा. पुढं कुणी तांदळात दुसरं लिहायला घेतलं, तर तिच्यामागं उभं राहायचं. तेवढं होणार नसेल तर ठेवू नका."

घरात कुणी काही बोललं नाही. वन्संनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आत्या मी आहे. कानात मीच सांगणार." यम वगैरे सगळं त्या विसरल्या होत्या.

मैत्रिणींनो, नाव बदलणं म्हणजे दर वेळी अन्यायच असं मी म्हणणार नाही. आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात २०११ साली २८५ मुलींची नावं एका समारंभात बदलण्यात आली. त्यांची आधीची नावं काय होती माहीत आहे? नकुशी. नकोशी झालेली म्हणून नकुशी. मुलीवर मुलगी झाली, आता पुरे, म्हणून ठेवलेली. त्या मुलींना नवीन नावं मिळाली. ते बदलणं पुण्याचं होतं. तेव्हा प्रश्न बदलण्याचा नाही. मुलीला विचारलं की नाही, एवढाच आहे. एखादीला हौसेनं सासरचं नाव घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्यावं. पण तिला आधी ठाऊक हवं, आणि नको म्हणायची मुभा हवी.

लग्नानंतर बाईनं नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. हे मुलींना वेळेवर सांगा. पुष्कळ जणींना वाटतं, मंगळसूत्राबरोबर तेही आलंच. आणि बदलायचं असेल तर सगळ्या कागदांवर एकदमच बदला. अर्धे कागद एका नावाचे आणि अर्धे दुसऱ्या, असं झालं की म्हातारपणी कोर्टाची पायरी चढावी लागते. आमच्या सासूबाईंचं उदाहरण वर दिलंच आहे.

बाळाचं नाव ठरवायला घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण नाव ठरलं नसेल तर ती जागा मोकळी ठेवून नोंद करता येते. वर्षाच्या आत नाव घातलं तर शुल्क पडत नाही. पुढंही पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून घालता येतं. मात्र १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढं सगळीकडं हाच जन्मदाखला लागतो, तेव्हा स्पेलिंग दोनदा तपासून मगच सही करा. यमुनेला ते भय कमी. सहा सरळ अक्षरं, कुठं लागोपाठ दोन ए नाहीत की वाय वर एच नाही. परदेशातल्या भाच्यांनाही म्हणता येतं.

आणखी एक चांगली गोष्ट झाली आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आला आहे. म्हणजे नातीच्या नावाशेजारी आता आमच्या सुनेचं नाव असणार. आमच्या पिढीला हे मिळालं नव्हतं.

पत्रिकेचं म्हणाल तर 'या' हे ज्येष्ठा नक्षत्राचं अक्षर. आमची नात काही त्या नक्षत्राची नाही. म्हणून काही अडलं नाही. नावरस नाव पत्रिकेत राहतं, हाकेचं वेगळं असतं. गुरुजींनीही तेच सांगितलं.

राहता राहिली शेजारच्या काकूंची शंका, यमी म्हणून चिडवण्याची. पोरं कुठल्याही नावाला चिडवतात हो! मायराला चिडवत नाहीत की काय? त्यावर उपाय एकच, मुलीला तिच्या नावाची गोष्ट सांगून ठेवायची. जिला आपलं नाव कुठून आलं ते ठाऊक असतं, ती चिडवणाऱ्याला चार गोष्टी सुनावून येते. आमच्या नातीला मी सांगणार आहे, तुझ्या नावाच्या दोन मुलींपैकी एक समुद्रापार जाऊन डॉक्टर झाली, दुसरीनं लग्नानंतर शिकून हजारो बायकांना शिकवायची वाट केली. वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी लावणी गाऊन २०१२ साली पद्मश्री मिळवली आणि शंभरी ओलांडून २०१८ साली गेल्या, शेवटपर्यंत यमुनाबाईच. आणि एक यमुना रोज सकाळी तुझ्या पाळण्याची दोरी ओढते.

बारसं झालं. घुगऱ्या वाटल्या. वन्संनी कानात नाव सांगितलं. सासूबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं, पण नावानं हाक काही मारली नाही. "छकुली" म्हणाल्या. आपल्याच नावानं दुसऱ्याला हाक मारायची म्हणजे जीभ वळायला वेळ लागायचाच. आम्ही मात्र दिवसभर यमू यमू करत असतो. पहिल्यांदा हाक मारली की आतल्या खोलीत काहीतरी हलतं, आणि मग त्या काठी टेकत बाहेर येतात. कुणाला बोलावलं ते विचारत नाहीत. पाळण्याजवळच्या खुर्चीत येऊन बसतात.

तुम्हांला यमुनाच ठेवा असं माझं म्हणणं नाही. तुमच्या घरात गोदावरी असेल, द्वारका असेल, ठकू किंवा वेणू असेल. सगळीच नावं आजच्या मुलीला शोभतील असंही नाही. पण या दिवाळीत भाऊबीजेचं ताट करताना घरातल्या थोरल्या बाईला तेवढं विचारा, "तुमचं माहेरचं नाव काय हो?" विचारून वहीत लिहून ठेवा, पाळण्यासाठी लागो न लागो. आणि जमलं तर त्या दिवशी एकदा त्या नावानं त्यांना हाक मारा.